पाठवणाऱ्याचं आडनाव बघा

दसरा-दिवाळीचे सेल संपून महिना उलटला, तरी पत्रं अजून त्याच विषयाची येत आहेत: खरेदीच्या साइटच्या नावाने आलेले खोटे मेल. म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त याच पत्रांना उत्तरं देते. नव्या वाचकांसाठी सांगते, मी साताऱ्यात बँकेच्या काउंटरवर २९ वर्षं काढली. निवृत्त झाल्यापासून दर शनिवारी आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात मोबाइलचा वर्ग घेते. पत्रलेखकांची नावं त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न: ताई, मी निवृत्त शिक्षक, वय ७१. मुलगी बंगळूरला असते. तिनेच मला ऑनलाइन खरेदीचं खातं काढून दिलं. मागच्या आठवड्यात त्या कंपनीच्या नावाने मेल आला: ‘आपल्या खात्यात संशयास्पद हालचाल आढळली आहे. २४ तासांच्या आत माहितीची पडताळणी न केल्यास आपले खाते कायमचे बंद करण्यात येईल.’ खाली ‘पडताळणी करा’ असं निळं बटण. कंपनीचं चिन्ह, रंग, तळाचा पत्ता, सगळं हुबेहूब. आयुष्यभर मराठी शिकवलं, पण या मेलात शुद्धलेखनाची एकही चूक मला सापडली नाही. मी अजून काही दाबलेलं नाही. मेलचा प्रिंट सोबत जोडतो. हा खरा की खोटा, आणि कशावरून ओळखायचं?
(एक वाचक, चिपळूण)

उत्तर: सर, मेल खोटा आहे. तुम्ही काही न दाबता आधी विचारलंत आणि वर प्रिंटही पाठवलात, त्यामुळे मला बोट ठेवून दाखवता येतंय.

आधी शुद्धलेखनाचं बोलू. ‘खोट्या मेलात चुका असतात, वाक्यं वेडीवाकडी असतात’ हा माझ्या वर्गातल्या कागदावरचा पहिला नियम होता. गेल्या वर्षी मी तो काट मारून टाकला. आता लिहून देणारी यंत्रं आली आहेत. ज्याला मराठीचा गंध नाही असा माणूसही दोन मिनिटांत शुद्ध, अदबशीर मराठीत मेल तयार करून घेतो. चिन्ह आणि रंग तर खऱ्या साइटवरून जसेच्या तसे उचलता येतात. तेव्हा मेल दिसतो कसा, यावर काही ठरवायचं नाही.

आता तुमच्या प्रिंटची सगळ्यात वरची ओळ पाहा. ठळक अक्षरांत कंपनीचं नाव आहे आणि पुढे ‘ग्राहक सुरक्षा विभाग’. हे फक्त नाव झालं. पाठवणारा तिथे वाटेल ते लिहू शकतो, कोणी अडवत नाही. त्याच्या शेजारी बारीक अक्षरांत कंसात जो आहे तो पत्ता. त्यात ‘ॲट’च्या चिन्हाआधी कंपनीचं नाव आहे, आणि चिन्हानंतर भलताच शब्द येऊन शेवट ‘डॉट टॉप’ असा झालाय. तिथेच तो उघडा पडला. कागदावर हे दिसतं, पण फोनवर दिसत नाही, कारण फोन फक्त नाव दाखवतो. नावाखाली ‘टू मी’ असं लिहिलेलं असतं, त्यावर बोट टेकवलं की पूर्ण पत्ता उघडतो. माझ्या वर्गातल्या बहुतेकांना ही जागा आधी माहीतच नव्हती.

दुसरी जागा त्या निळ्या बटणामागची. बटणावर नुसतं टेकवायचं नाही, बोट दाबून धरायचं. मग ते कुठे घेऊन जाणार आहे तो पत्ता वर येतो. संगणकावर असाल तर माउसचा बाण बटणावर नुसता नेऊन ठेवा, डाव्या कोपऱ्यात खाली पत्ता दिसेल. हे पत्ते मुद्दाम लांबलचक केलेले असतात. सुरुवातीलाच कंपनीचं नाव येतं आणि तेवढं वाचून आपण थांबतो. चूक तिथे होते, कारण वेबचा पत्ता आपल्या नावासारखा असतो. आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आडनाव शेवटी. घराणं कळतं ते आडनावावरून. पत्त्यात पहिली एकेरी तिरकी रेघ जिथे येते तिथे थांबायचं आणि तिथून मागे, उजवीकडून डावीकडे, वाचायचं. समजा तिथे ‘दुकान डॉट इन डॉट खाते-तपासा डॉट टॉप’ असं असेल, तर त्याचं आडनाव ‘खाते-तपासा डॉट टॉप’ झालं. सुरुवातीचं ‘दुकान डॉट इन’ कोणीही आपल्या नावाआधी लावू शकतं. ‘डॉट को डॉट इन’ने संपणारा पत्ता असेल तर त्याच्या आधीचा शब्दही आडनावातच धरा. रेघेनंतर काय लिहिलंय त्याला किंमत देऊ नका, तिथेही कंपनीचं नाव घुसवता येतं.

आणखी एक डोळ्यांचा धोका आहे. इंग्रजीतली ‘आर’ आणि ‘एन’ ही छोटी अक्षरं शेजारी शेजारी आली की ‘एम’सारखी दिसतात. छोट्या ‘एल’च्या जागी एकचा आकडा बसवतात. आपल्या वयात चष्मा लावूनही हे सुटतं. म्हणून आडनाव बघायचंच, पण फक्त त्याच्या भरवशावरही राहायचं नाही. क्वचित पाठवणाऱ्याचा पत्ताही बेमालूम खोटा केलेला असतो.

मग खात्रीचं काय? तर मेल बंद करायचा. फोनवर आपण रोज वापरतो ते ॲप आपल्या हाताने उघडायचं आणि तिथे काही सूचना आहे का ते बघायचं. खात्याला खरोखर काही झालं असेल तर कंपनी ते ॲपमध्ये सांगतेच. ॲमेझॉनच्या खात्यात तर ‘मेसेज सेंटर’ नावाची जागाच आहे, कंपनीने तुम्हाला पाठवलेले मेल तिथे दिसतात. तिथे नसेल तर तो तुम्हाला आलेला मेल त्यांचा नाही. मला विचाराल तर हा एकच उपाय मी छातीवर हात ठेवून सांगते. बाकीच्या खुणा ठग शिकून घेतात, पण आपण आपल्या वाटेने गेलो तर त्याची वाट त्याच्या उपयोगाची राहत नाही.

सर, हे मी नुसतं वाचून सांगत नाही. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी मी मिक्सरचं भांडं मागवलं होतं. दुसऱ्याच दिवशी मेल आला की पत्ता अपुरा आहे, पार्सल परत जाईल. पार्सल खरोखरच यायचं होतं, त्यामुळे शंका आलीच नाही. बटण दाबलं, नेहमीचं लॉगिनचं पान आलं. एरवी त्या पानावर माझा ब्राउझर पासवर्ड आपणहून भरतो, काळे ठिपके आधीच उमटलेले असतात. त्या दिवशी चौकट रिकामी होती. मला वाटलं, ब्राउझर बिघडला. वहीतून पासवर्ड काढला आणि एकेक अक्षर हाताने टाकला. पुढच्या पानावर कार्डामागचे तीन आकडे मागितले तेव्हा हात थांबला. पत्ता दुरुस्त करायला कार्डाचे आकडे कशाला? लगेच ॲपमध्ये जाऊन पासवर्ड बदलला, म्हणून निभावलं. नंतर मुलाने समजावलं की ब्राउझर पासवर्ड पत्त्याला बांधून ठेवतो. पान कितीही हुबेहूब असो, पत्ता वेगळा असला तर तो पासवर्ड काढून देत नाही. म्हणजे त्या रिकाम्या चौकटीने मला सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. तेव्हापासून वर्गात मी हे पहिल्याच दिवशी सांगते: रोज भरलेली येणारी चौकट रिकामी दिसली तर हाताने भरू नका.

२४ तासांच्या धमकीबद्दल एवढंच. बँकेत आम्हाला केवायसीसाठी एखादं खातं थांबवायचं असेल तर आधी किती पत्रं जायची, किती फोन व्हायचे. नोकरीच्या २९ वर्षांत कोणाचं खातं एका दिवसाच्या नोटिशीवर कायमचं बंद झालेलं मी पाहिलं नाही. घाई ठगाला असते, कारण तुम्ही मुलीला फोन लावायच्या आत त्याला काम उरकायचं असतं.

प्रश्न: ताई, हे पत्र नवऱ्याला न सांगता लिहितेय. माझं छोटं ब्यूटी पार्लर आहे. परत पाठवलेल्या ड्रेसचे १,२४९ रुपये यायचे होते. ‘तुमचा रिफंड अडकला आहे, बँकेची माहिती भरा’ असा मेल आला. मी कार्डाचा नंबर टाकला, मग ओटीपी आला तोही टाकला. खात्यातून १८,४०० रुपये गेले. आज चौथा दिवस. पैसे माझेच होते, भिशीतले. कोणाला सांगायची लाज वाटते. पोलिसात गेले तर मलाच विचारतील ना, की ओटीपी का दिलास? आता काही होऊ शकतं का?
(एक वाचक, कराड)

उत्तर: तुमचं पत्र आलं त्या दिवशीच मी तुम्हाला फोन केला आणि काय करायचं ते सांगितलं. इथे छापते आहे ते इतरांसाठी, कारण अशीच पत्रं आणखी पाच जणींची आहेत आणि पाचही जणींनी घरात सांगितलेलं नाही.

पैसे गेल्याचं कळलं त्या क्षणी १९३० हा नंबर लावायचा. हा केंद्रीय गृहखात्याच्या यंत्रणेचा, देशभर चालणारा नंबर आहे. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवरही तीच तक्रार नोंदवता येते. तिथे तक्रार गेली की पैसे ज्या बँकेत पोचले त्या बँकेला ती रक्कम तिथेच रोखून धरायला सांगता येतं. पण ठग पैसे एका खात्यात ठेवत नाही. भाड्याने घेतलेल्या दुसऱ्याच्या खात्यांतून ते पुढे पुढे सरकवतो आणि कुठेतरी एटीएममधून काढतो. म्हणून पहिला एक-दोन तासांचा वेळ सोन्यासारखा. चौथ्या दिवशी तक्रार करून काही उपयोग नाही असं मात्र समजू नका. मधल्या एखाद्या खात्यात काही रक्कम अडकलेली असू शकते, आणि तक्रारच नसेल तर ती तुमची आहे हे कोणाला कळणार?

तक्रारीइतकंच महत्त्वाचं म्हणजे बँकेला कळवणं, आणि लेखी कळवणं. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. त्यात म्हटलंय की चूक बँकेची नाही आणि तुमचीही नाही, तिसरीकडेच काही फुटलं आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर काहीच बोजा येत नाही. तुमच्या बाबतीत ओटीपी तुम्ही स्वतः टाकला, त्यामुळे बँक त्याला ग्राहकाचा हलगर्जीपणा म्हणेल. खोटा दिलासा मी देणार नाही. पण त्याच परिपत्रकात पुढे आहे की ग्राहकाने बँकेला कळवल्यानंतर जो तोटा होईल तो बँकेचा. म्हणजे कळवल्याची तारीख आणि वेळ हाच तुमचा पुरावा. काउंटरवर जाऊन तोंडी सांगू नका. अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का व वेळ घालून घ्या. मी काउंटरच्या आतल्या बाजूला बसलेली बाई आहे, त्या शिक्क्याची किंमत मला माहीत आहे. बँकेने ९० दिवसांत तक्रार निकाली काढायची असते. ३० दिवसांत उत्तरच आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्याला पैसे लागत नाहीत आणि वकीलही लागत नाही.

आता त्या ओटीपीचं. तुम्ही मला फोनवर तो मेसेज वाचून दाखवलात. त्यात इंग्रजीत सरळ लिहिलं होतं की हा ओटीपी १८,४०० रुपयांच्या व्यवहारासाठी आहे, कोणालाही सांगू नका. आकडा आणि रक्कम एकाच ओळीत होते. पण रिफंडच्या पानावर साठ सेकंदांचं घड्याळ उलटं पळत होतं आणि तुमचे डोळे फक्त सहा आकडे शोधत होते. त्या पळत्या घड्याळाचं काम तेवढंच असतं. तेव्हा ओटीपीचा मेसेज आला की आधी रक्कम मोठ्याने वाचायची, मग आकडे. पैसे आपल्याकडे यायचे असतील तर ओटीपी लागत नाही, कार्डामागचे आकडे लागत नाहीत, यूपीआयचा पिनही लागत नाही. रिफंड ज्या वाटेने पैसे गेले त्याच वाटेने परत येतो, किंवा ॲपमध्ये तुम्ही स्वतः निवडलेल्या खात्यात.

आणि लाजेचं. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-डी नुसार संगणक वापरून दुसऱ्याच्या नावाने फसवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. कायदा गुन्हेगार त्याला म्हणतो. तुम्ही तक्रारदार आहात. ठाण्यात कोणी ‘ओटीपी का दिलास’ म्हणून विचारलंच, तर जे घडलं ते सांगा आणि तक्रार नोंदवल्याशिवाय उठू नका. नवऱ्याला सांगायचं की नाही हा तुमचा निर्णय, पण मी फोनवर म्हटलं तेच इथे लिहिते: ठगाला मिळालेला सगळ्यात मोठा वेळ हा आपण गप्प बसलेल्या चार दिवसांचा असतो. माझ्या बँकेत एक आजी दर महिन्याला पेन्शनला यायच्या. त्यांचे पैसे गेल्याचं आम्हाला तीन महिन्यांनी कळलं, तेही पासबुक भरताना माझ्या लक्षात आलं म्हणून. सुनेला कळेल म्हणून त्या बोलल्या नव्हत्या. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो.

प्रश्न: पत्त्याच्या पट्टीत कुलपाचं चिन्ह असेल तर साइट सुरक्षित असते असं आम्हाला शाळेत शिकवलं. मग कुलूप असूनही माझ्या मैत्रिणीचं खातं कसं गेलं?
(एक विद्यार्थिनी, नाशिक)

उत्तर: कुलपाचा अर्थ एवढाच की तुझा फोन आणि ती साइट यांच्यामधलं बोलणं वाटेत कोणी ऐकत नाही. पलीकडे कोण बसलंय ते कुलूप सांगत नाही. कुलूप दिसण्यासाठी साइटला लागणारं प्रमाणपत्र फुकट आणि काही मिनिटांत मिळतं, ठगही घेतो. तुझ्या शिक्षकांनी शिकवलं त्या काळी बनावट साइट बहुधा कुलपाशिवाय असत, म्हणून तो नियम चालून गेला. आता तो विसर. बँकांपुरती एक चांगली सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना त्यांच्या साइट ‘डॉट बँक डॉट इन’ या आडनावाखाली न्यायला सांगितलं आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. ते आडनाव बँकांनाच मिळतं. खरेदीच्या साइटना असं राखीव आडनाव नाही, तिथे डोळेच वापरावे लागतात.

प्रश्न: वडिलांना मेल आला: ‘आपली ८४,९९९ रुपयांच्या मोबाइलची ऑर्डर निश्चित झाली आहे. ही ऑर्डर आपण दिली नसल्यास त्वरित पुढील क्रमांकावर संपर्क साधा.’ मेलात एकही लिंक नव्हती, म्हणून त्यांना तो खरा वाटला. त्यांनी फोन केला. पलीकडचा माणूस अगदी गोड बोलत होता. त्याने एक ॲप घ्यायला लावलं. मी वेळेवर घरी पोचलो म्हणून बरं. पण लिंक नसलेला मेलसुद्धा खोटा असतो का?
(एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: असतो, आणि माझ्या मते हा प्रकार सगळ्यात वाईट. ‘लिंक दाबू नका’ हे आता पुष्कळांना माहीत झालंय, म्हणून त्यांनी लिंकच काढून टाकली. वडिलांनी स्वतः फोन लावला, त्यामुळे पलीकडच्या माणसावर आपोआप विश्वास बसला. समोरून फोन आला असता तर ते कदाचित सावध राहिले असते.

त्याने घ्यायला लावलेलं ॲप फोनचा पडदा दुसऱ्याला दाखवणारं असतं. ‘एनीडेस्क’सारखी ॲप खरी आणि कामाची आहेत, संगणक दुरुस्त करणारे ती रोज वापरतात. पण ती चालू असताना तुम्ही बँकेचं ॲप उघडलं, ओटीपी आला, तर ते सगळं त्यालाही दिसू शकतं. ते ॲप काढून टाका. वडिलांनी फोनवर बोलत असताना बँकेचं किंवा पैशाचं कुठलंही ॲप उघडलं होतं का, ते शांतपणे विचारा. उघडलं असेल तर दुसऱ्या फोनवरून पासवर्ड आणि पिन बदला. तो नंबर संचार साथी या सरकारी साइटवर ‘चक्षु’ नावाची संशयास्पद फोन-मेसेज कळवायची सोय आहे, तिथे कळवा.

अशा मेलातला ऑर्डर क्रमांकही बघण्यासारखा असतो. ॲमेझॉनचे क्रमांक तीन, सात, सात अशा आकड्यांच्या गटांत असतात, फ्लिपकार्टचे ‘ओडी’ या अक्षरांनी सुरू होतात. वडिलांच्या मेलात कंपनी एकीची आणि क्रमांकाची घडण तिसरीच, असं तुम्हीच लिहिलं आहे. पण त्यापेक्षा सोपं म्हणजे ॲप उघडून ‘माझ्या ऑर्डर’ बघणं. ऑर्डर तिथे नाही, बँकेतून पैसे गेल्याचा मेसेज नाही, म्हणजे फोन करण्याजोगं काही घडलेलंच नाही. कंपनीला फोन करायचाच झाला तर नंबर तिच्या ॲपमधूनच घ्यायचा. गुगलवर शोधूनही घेऊ नका, तिथे खोटे ग्राहकसेवा क्रमांक पेरलेले असतात.

वडिलांवर रागावू नका, एवढं माझं ऐका. ८५ हजारांचा आकडा पाहिल्यावर पेन्शनवर जगणाऱ्या माणसाच्या पोटात खड्डा पडतोच.

प्रश्न: रविवारी सकाळी तासाभरात माझ्या ईमेलवर चारशेच्या वर मेल आले. परदेशी दुकानं, वर्तमानपत्रं, कुठल्या कुठल्या संस्था, ‘सदस्य झाल्याबद्दल धन्यवाद’. एकही मागितलेला नव्हता आणि कशातच पैसे मागितलेले नव्हते. हा त्रास देण्याचा प्रकार आहे का? सरसकट पुसून टाकू का?
(एक वाचक, नागपूर)

उत्तर: पुसू नका! पत्र मिळताच मी तुम्हाला हेच कळवलं होतं, आणि तुमच्या दुसऱ्या पत्राप्रमाणे ढिगात खरोखरच ती ऑर्डर सापडली. वाचकांना सांगते काय झालं. कोणाच्या तरी हाती यांच्या खरेदी खात्याचा पासवर्ड लागला होता. त्या खात्यातल्या वॉलेटमध्ये साडेसहा हजार रुपये होते. चोराने त्यांची गिफ्ट कार्डं घेतली. खरेदीची पावती यांच्या ईमेलवर येणार आणि यांना कळणार, म्हणून त्याने यांचा पत्ता एकदम शेकडो ठिकाणी सदस्यत्वासाठी टाकला. कढईभर मुरमुऱ्यात एक खडा टाकावा तशी ती पावती त्यात गेली.

असा पूर आला की ईमेलच्या शोधपट्टीत ‘ऑर्डर’, ‘गिफ्ट’, ‘पासवर्ड बदलला’ असे शब्द मराठीत आणि इंग्रजीत टाकून शोधा. खरेदीच्या प्रत्येक ॲपमध्ये जाऊन ऑर्डरची यादी बघा. काही साइटवर जुनी ऑर्डर यादीतून आत ठेवून देण्याची सोय असते, चोर त्याचाही फायदा घेतात, तो कप्पाही उघडा. नवा पत्ता जोडलाय का, फोन नंबर बदललाय का ते पाहा. मग पासवर्ड बदला आणि ‘सर्व उपकरणांमधून बाहेर पडा’ हे करा. नाहीतर तो आधीच आत बसलेला असेल तर आतच राहतो.

पुष्कळांना वाटतं की कार्डाला ओटीपी लागतो, मग खातं गेलं तरी काय बिघडलं. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानांना कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे खऱ्या नंबराच्या जागी वापरायचा बदली क्रमांक असतो, हे खरं. पण वॉलेटमधली शिल्लक, गिफ्ट कार्डं, ‘नंतर पैसे द्या’ची उधारी यांना दर वेळी ओटीपी लागेलच असं नाही. शिवाय तुमचा पत्ता, फोन, काय आणि कधी मागवलं, हे सगळं त्या खात्यात असतं. पुढचा खोटा मेल तुमच्या नावाने, तुमच्या खऱ्या ऑर्डरचा उल्लेख करून येतो तो त्यातूनच.

तुम्ही लिहिलंय की ईमेलला आणि खरेदीला एकच पासवर्ड होता. हे आधी मोडा. ईमेल ही घराची मुख्य किल्ली आहे. बाकी सगळ्या ठिकाणी ‘पासवर्ड विसरलो’ म्हटलं की नवा पासवर्ड तिथेच येतो. ईमेलला दुहेरी पडताळणी लावा, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागितली जाते. आणि एक जागा आवर्जून बघा, ती कोणी सांगत नाही: ईमेलच्या सेटिंगमध्ये ‘फिल्टर’ आणि ‘फॉरवर्डिंग’. चोर तिथे असा नियम करून ठेवतात की अमुक कंपनीचा मेल आला की तो परस्पर कचऱ्यात जावा. पासवर्ड बदलला तरी तो नियम तसाच राहतो आणि तुम्हाला महिनोन् महिने काही दिसत नाही. तुमच्याकडे असा एक नियम निघाला, हे तुम्ही कळवलंत त्याबद्दल आभार. तो खोडलात ना?

प्रश्न: तुमचा लेख वाचून मी इतकी सावध झाले की ‘पेमेंट पूर्ण झाले नाही’ असा आलेला मेल सरळ पुसला. तो खरा होता! ऑर्डर रद्द झाली आणि सेलमधली इस्त्री हातची गेली. आता काय करायचं?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर: तुमची इस्त्री गेली याचं मला वाईट वाटतं, आणि यातला निम्मा दोष माझा. मेलमधून जाऊ नका हे मी ठासून लिहिलं, पण ॲप उघडून बघा हे तितकं ठासून लिहिलं नाही. मेल पुसायचा तो ॲपमध्ये पाहून झाल्यावर. पैसे अडकल्याचं तुम्हाला तिथे दिसलं असतं.

उरलेला दोष कंपन्यांचा आहे. त्यांचे खरे मेलही कधी कधी खोट्यासारखेच असतात: ‘आत्ताच करा’, ‘शेवटचे दोन तास’, आणि कोण किती दाबतं हे मोजण्यासाठी भलत्याच आडनावाच्या लिंका. एकीकडे ग्राहकाला सावध राहा म्हणायचं आणि दुसरीकडे त्याला असे मेल पाठवायचे, हे मला पटत नाही. तुम्ही ॲपमधल्या ग्राहकसेवेला हे लिहून कळवा, मीही कळवलं आहे. ‘खात्यात लॉगिन करून पाहा’ एवढंच लिहिलेला, लिंक नसलेला मेल पाठवणं त्यांना अवघड नाही.

इस्त्री अजून त्या साइटवर असेल तर ॲपमधल्या ‘नंतरसाठी ठेवा’ यादीत टाकून ठेवा. किंमत उतरली की ॲप तिथेच दाखवेल, मेलाची वाट बघायला नको.